भावजींचा टेप

चालू वस्तूशी आमच्या भावजींचं कधी जमलंच नाही. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला कासारवाडीत, स्टेशनजवळच्या चाळीत, आणि कामाला पिंपरीच्या एका कारखान्यात, जिथं पत्रा दाबणारे मोठमोठे प्रेस दिवसभर धडधडत. घरातला पंखा निमूट फिरत असला की त्यांचं तिकडे लक्षही जात नसे. तो जरा कुरकुरला, की आजारी लेकराला न्याहाळावं तसे त्याच्याखाली जाऊन उभे राहत. शेजारणीचा स्टोव्ह भडकला तर भरल्या ताटावरून उठत, आणि तो सुधारून आल्यावर, आपण जेवलो होतो का, हे ताईला विचारत.

त्यांच्या धाकट्या भावानं मस्कतहून हातात धरून नेता येईल असा टेपरेकॉर्डर आणला, तेव्हा चाळभर कौतुक झालं. भावजी तेवढे खट्टू दिसले. पण महिन्याभरात टेप रुसला. बटण दाबलं की लाल दिवा लागे, कॅसेट अर्धा वेढा घेई, गाणारी बाई विहिरीच्या तळातून एक हुंदका देई आणि गप्प होई. भावजींचा चेहरा उजळला.

नेमकं त्याच आठवड्यातल्या रविवारी ताईचं डोहाळजेवण होतं. लग्नानंतर फार वाट पाहून दिवस राहिलेले. गाणी वाजलीच पाहिजेत, असं तिनं बजावलं होतं. बाजारात दुरुस्तीवाला आहे, मी सुचवून पाहिलं.

"टेपला काय होतंय ते आधी कळू तर दे," भावजी म्हणाले.

मग पापडांशेजारी सेल उन्हात पडले. सेल बसतात तिथले पत्रे पॉलिश पेपरनं घासले गेले. शेवटी टेपचं पोट उघडल्यावर आतला रबरी पट्टा सैल झालेला सापडला. ऐन डोहाळजेवणात त्याच्या जागी ताईच्या वेणीचं जाड रबर बसलं, आणि तीच बाई अशी सुसाट गायला लागली, की उंदरांचं भजन चाललंय असं वाटावं. बायका हसून लोटपोट. हिरव्या साडीतली ताई तर पोट धरून हसत होती. यंत्राचा नाद सोडून समोरच्या मावशींनी स्वतःच डोहाळ्यांचं गाणं धरलं, आणि बाकीच्या त्यांच्या मागोमाग गाऊ लागल्या.

भावजी स्वयंपाकघरात सायकलच्या जुन्या ट्यूबची बारीक पट्टी कापत बसले होते. ती बसली आणि टेप अगदी सुरात सुरू झाला. तो छातीशी धरून ते दिमाखात बाहेर आले, तर ताई गात होती. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी ताई. भावजींनी हळूच बटण बंद केलं.

"अहो, झालाय ना दुरुस्त? वाजू द्या की," मी म्हटलं.

"राहू दे," ते म्हणाले. "हे बरं चाललंय."

पुढं कारखान्याच्या त्या धडधडीनं भावजींचे कान गेले. तरी संध्याकाळी टेप लागायचाच. झाकणावर बोट टेकवून ते बसत. आत फिरतंय एवढं त्यांना कळे. मग विचारत, "कुठवर आलं?" ताई हातातलं काम ठेवून समोर येऊन बसे, आणि तिचे ओठ त्यांना नीट दिसतील अशी, त्यांच्या तळहातावर ठेका धरत, पुढची ओळ गाई.