नाखव्याची होडी आणि सामंतसाहेबांचं मशीन

आमचं काम सांगायला दोन मिनिटं लागतात आणि लोकांना पटवायला अख्खी दुपार. त्या दुपारींचेच किस्से साचत गेले!

नव्वदच्या आसपासची गोष्ट. नवघरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा फायबरग्लासचा गाळा होता. काचेच्या कापडाचे थर रेझिनने चिकटवून आम्ही टाक्या, पत्रे असं काय काय बनवायचो. या मालाची खोड अशी की मार बसला तरी वरून गुळगुळीत, आणि आत मात्र थर सुटलेले. ते शोधायला आमचे मालक सामंतसाहेब यांनी एक मशीन जमवलं होतं. एका टोकाला कानाला न ऐकू येणारा आवाज सोडायचा, तो पत्र्यातून धावत जायचा, दुसऱ्या टोकाला पकडायचा. वाटेत थर सुटलेला असेल तर स्क्रीनवर हिरव्या रेषेचा जो डोंगर उभा राहायचा, तो बसायचा. साहेब स्वतः अतिशय शांत. त्यांना पळताना कुणी पाहिलं नव्हतं.

*

मशीनचा प्रोब, म्हणजे आवाज सोडणारं टोक, पत्र्याला नीट चिकटायला मध्ये तेल लागायचं. आम्ही एरंडेल वापरायचो. शांती नगरचा दुकानदार एकदा न राहवून म्हणाला, "साब, इतना एरंडेल? घर में सबको कब्ज है क्या?"

"नहीं," साहेब म्हणाले, "सिर्फ मशीन को."

*

शेजारच्या गाळ्यात स्टीलच्या वाट्यांचं प्रेस. ते धाडकन आपटलं की आमचा डोंगर नाचायचा आणि चांगला माल खराब दिसायचा. मग टेस्टिंग निघालं की मी पलीकडे जाऊन सगळ्यांना चहा पाजायचो, तेवढा वेळ प्रेस बंद.

महिन्याभरात प्रेसचा मालक हात जोडून आला. "सामंतसाब, आपका माल पास हो रहा है, मेरा धंदा फेल हो रहा है!"

*

साहेबांच्या सोसायटीतल्या मेहताबेन एका उन्हाळ्यात भलंमोठं कलिंगड घेऊन गाळ्यावर हजर. "भाई, अंदर से मीठा है क्या, जरा देखो ना!"

साहेबांनी खरंच एरंडेल लावून तपासलं. म्हणाले, "थर सुटलेले नाहीत. गोडीची गॅरंटी मशीन देत नाही."

*

आणि मग उत्तनचा हरेश्वर नाखवा. गावात सगळ्यांच्या होड्या लाकडी, याने आमच्याकडून फायबरची करून घेतली. आम्ही पहिल्यांदाच होडी करत होतो. म्हातारी आई घाबरलेली, कारण तिचे दोन्ही मुलगे याच होडीतून समुद्रात जाणार होते. गाळ्यात आम्ही इंच न् इंच तपासून होडी पाठवली. पाण्यात उतरवायच्या दिवशी नाखव्याचा निरोप आला, "सायेब, एकदा आयसमोर तपासा. तिची भीती जाल."

किनाऱ्यावर आम्ही बॅटरीवर मशीन लावलं. मागची बाजू ठीक, मधली ठीक. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर आलो आणि डोंगर सपाट! म्हातारी स्क्रीनकडे नाही, साहेबांच्या तोंडाकडे बघत होती. मला अक्षरशः रडू यायचं बाकी होतं.

"नाखवा, टेम्पोतून उतरवताना आपटली?"

"न्हाय."

"खडकाला लागली?"

"पान्यात गेलीच न्हाय, तं खडक कुठला?"

"मग इथे कुणी काही मारलं का?"

"मारनार कोन, सायेब? काल पूजा केली. नारल फोरला."

"कुठे?"

नाखव्याने नाळेवरून मायेने हात फिरवला. "हितंच. लाकडाच्या होडीला फोरतो तसाच."

"एकच ना?"

"एक कसा? आख्ख्या आलीनं फोरला. घरटी एक!"

साहेब वाळूतच बसले. मग उठून म्हणाले, "होडी आज जाणार नाही."

नाळ कापून आम्ही नवे थर चढवले. ते पक्के सुकल्यावर पुन्हा मशीन लावलं. डोंगर ताठ उभा राहिला. म्हातारीने या वेळी स्क्रीनकडे बघितलं आणि डोळे पुसले.

दुसऱ्या पूजेला साहेबांनी होडीपासून लांब एक दगड ठेवला होता. म्हातारीने मुकाट्याने त्यावर नारळ फोडला, पाणी नाळेवर शिंपडलं. मग मशीनला हळदकुंकू लावलं. "माजी पोरं यानंच वाचवली," म्हणाली.

आणि तिने पिशवीतून दुसरा नारळ काढला, कपाळाला लावला आणि मशीनच्या डोक्यावर हात उंच उगारला.

त्या दिवशी सामंतसाहेब पळाले.