रोज एक खरं वाक्य

"कठीण आहे" असं कुणी म्हणालं की मॅडम हातातला खडू टेबलावर ठेवायच्या आणि विचारायच्या, "कोणासाठी?"

खडू ठेवणं महत्त्वाचं होतं. उत्तर ऐकल्याशिवाय तास पुढं सरकणार नाही, असा त्याचा अर्थ. हा प्रश्न मुलांना तसाच हेडमास्तरांनाही. एकदा साकोलीच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, आता आत मुंगी शिरणंही मुश्किल आहे. मॅडमनी पायरीवरूनच विचारलं, "किसके लिए?" कंडक्टरनं त्यांच्याकडं पाहिलं, त्यांच्या मोठ्या काळ्या छत्रीकडं पाहिलं आणि स्वतःची सीट रिकामी करून दिली. तुम्हालाही असं एखादं माणूस भेटलं असेल, ज्याच्यासमोर तोंड उघडण्याआधी आपण आपलंच वाक्य दोनदा तपासतो.

नवेगाव बांधजवळच्या एका खेड्यातली आमची शाळा. मी मराठी शिकवतो, मॅडम इंग्रजी शिकवायच्या. त्या मूळच्या गोंदिया शहरातल्या, घरात हिंदी. त्यामुळं त्यांचं मराठी मध्येच रूळ बदलायचं. आम्हा मराठीच्या मास्तरांना अशा माणसाच्या चुका काढायला फार आवडतं. मीही कसर सोडली नाही.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा वेगळी होती. इंग्रजीत नुसतं सोपं, कठीण, आनंद, भीती म्हणून भागत नाही, असं त्यांचं म्हणणं. आधी म्हणायचं 'इट इज डिफिकल्ट', मग 'फॉर' लावून कुणासाठी ते सांगायचं, मग 'टु' लावून काय करणं, आणि शेवटी कुठं, केव्हा, कशानं. हा साचा फळ्यावर कायम लिहिलेला असायचा. प्रत्येक मुलानं रोज त्यात एक वाक्य बसवून आणायचं. अट एकच, वाक्य खरं पाहिजे. कुणी गाइडातलं 'राम बाजारात जातो' छापाचं काही आणलं की त्या विचारायच्या, "ये राम कौन है? तुझ्या घरी राहतो का?"

मुलं मग खरं लिहायला लागली. ढिवराच्या एका पोरानं लिहिलं, 'इट इज ईझी फॉर मी टु कॅच फिश इन द तलाव.' मॅडमनी त्यातला तलाव तसाच राहू दिला. एकीनं लिहिलं की तिच्या आजीला आमच्याकडच्या प्रतापगडाची टेकडी चढणं अवघड आहे, पण उतरून आल्यावर गप्प बसणं त्याहून अवघड. एकानं लिहिलं, मला बाबांसोबत जेवायला भीती वाटते. त्या वहीवर मॅडमनी लाल शाई लावली नाही. मधल्या सुटीत त्या पोराला त्यांनी आपल्या डब्याजवळ बसवलं.

मला याचा राग यायचा, खोटं कशाला सांगू. माझ्या निबंधांत याच मुलांच्या आया प्रेमळ असायच्या, बाप कष्टाळू असायचे आणि गाव निसर्गाच्या कुशीत वसलेलं असायचं. मी एकदा चिडून मॅडमना म्हणालो, मातृभाषेत खोटं आणि परक्या भाषेत खरं, ही काय भानगड आहे? त्या म्हणाल्या की पोरांजवळ इंग्रजीचे दीडशे शब्द आहेत, तेवढ्यात खोटं बोलता येत नाही. खोटं बोलायला भाषा चांगली यावी लागते. हा टोला आपल्याला होता, हे मला घरी गेल्यावर कळलं.

त्यांचा प्रश्न नेहमी गोड वाटायचा असंही नाही. माझी आई अंथरुणाला खिळली होती त्या महिन्यात मी स्टाफरूममध्ये म्हणालो, घरात फार कठीण चाललं आहे. सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, "कोणासाठी?" मी उठून बाहेर गेलो आणि दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे बायको एकटीच आईला उठवून बसवत होती आणि मी चहाची वाट पाहत होतो. त्या दिवसापासून एका बाजूनं मी धरायला लागलो. मॅडमना मात्र हे मी कधी सांगितलं नाही.

आता एका मुलीचं सांगतो. बारावी पास होऊनही ती मॅडमकडं यायची. नागपूरच्या एका नर्सिंग कॉलेजात फी न भरता शिकण्याची जागा होती, त्यासाठी इंग्रजीत मुलाखत होती. महिनाभर तिनं तयारी केली. मुलाखतीला चार दिवस उरले तेव्हा तिच्या वहीत दोन वाक्यं आली. नागपूरला जायला मी तयार आहे. बाबांना हे सांगणं अशक्य आहे.

मॅडमनी वही मिटली, छत्री उचलली आणि मला म्हणाल्या, "चला सर. माझं मराठी तिथं कमी पडेल."

मुलीच्या बापाची दोन एकर धानाची शेती. आईचे गुडघे गेलेले, चिखलात उभं राहणं तिला जमत नव्हतं. नेमका मुलाखतीच्या दिवशीच त्यांचा रोवणा, म्हणजे धानाची लावणी, ठरला होता. आमच्याकडं बाया पाळीनं एकमेकींच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या खाचरात, रोप लावतात. आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं. या घरची पाळी लेकच फेडत आली होती. आता तिच्याच बांधीत तिनं नसायचं, हे बापाला कसं पटावं?

त्यांनी आम्हाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि सरळ सांगितलं, "रोवना हाय. पोरीले पाठवनं होत नाही."

मॅडमनी विचारलंच, "कोणासाठी?"

मला वाटलं, आता हे आपल्याला अंगणाबाहेर काढतात. पण त्यांनी माझ्या हातातला रिकामा पेला घेऊन खाली ठेवला. मग म्हणाले, "माह्यासाठी. एक बाई कमी पडली तं बाकीच्या बाया बोलतात. अन् एकडाव गेली तं पोरगी परत येनार नाही, हे बी मले समजते."

चुलीजवळ बसलेल्या मुलीनं मान वर केली नाही. मॅडम फक्त पहिल्या गोष्टीवर बोलल्या. "एक बाई तो मैं हूँ ना," त्या म्हणाल्या.

मुलाखतीच्या दिवशी मॅडमनी रजा टाकली. मुलीला साकोलीला नागपूरच्या बसमध्ये बसवून देण्याचं काम माझ्याकडं होतं. मोटारसायकलवर मागं बसून ती सारखी वाक्यं पुटपुटत होती. परत आलो तेव्हा बांधीत अकरा बाया एका ओळीत पुढं गेल्या होत्या आणि बारावी दहा हात मागं होती. सलवार गुडघ्यापर्यंत, ओढणी कमरेला, चष्म्यावर चिखल. ओळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं मागं वळून विचारलं, "मॅडम, आता कोनासाठी कठीन होऊन राहिलं?"

"मेरी कमर के लिए," मॅडम म्हणाल्या. अख्खी बांधी हसली. मुलीचे वडील बांधावर रोपांच्या पेंढ्या वाहत होते, ते हसले नाहीत.

रात्री पाऊस झाला. सकाळी शाळेत जाताना मी त्या बांधीकडं पाहिलं. मॅडमच्या हातची रोपं वरवर खोचलेली होती, अर्धीअधिक पाण्यावर तरंगत होती. मुलीचे वडील एकटेच वाकून ती एक एक करून परत चिखलात दाबत होते. मला पाहून ते उभे राहिले. "कोनाले सांगू नोका, सर," म्हणाले आणि पुन्हा वाकले. मी आजवर खरंच कुणाला सांगितलं नव्हतं.

मुलीला जागा मिळाली. मुलाखतीत विचारलं होतं, इथवर येताना तुला काय अवघड गेलं? ती म्हणाली होती, 'इट वॉज नॉट ईझी फॉर माय फादर टु सेंड मी.' ती स्वतःचं काही बोलली नाही, बापाचं बोलली. हे तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मॅडम स्टाफरूममधून उठून नळावर गेल्या आणि बराच वेळ हात धूत राहिल्या.

सप्टेंबरात मॅडमची बदली झाली, थेट सालेकसा तालुक्यात, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. नवे इंग्रजीचे सर चांगले आहेत. पोर्शन वेळेवर संपवतात. मुलं आता त्यांना गाइडातली वाक्यं लिहून देतात. मीच कधीकधी निबंधाच्या तासाला सांगतो, पाचच ओळी लिहा, पण खऱ्या लिहा. परवा एका पोरीनं तीनच लिहिल्या. मी तिला पैकीच्या पैकी दिले.

दिवाळीनंतर एक दिवस त्या मुलीचे वडील नव्या तांदळाची थैली घेऊन शाळेत आले. मॅडम गेल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते व्हरांड्यात तसेच उभे राहिले. मी मॅडमना फोन लावून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तोंडासमोर धरला आणि पलीकडच्या शेतातल्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात म्हणाले, "इट वॉज गुड ऑफ यू टु कम टु अवर फील्ड." लेकीनं नागपूरहून फोनवर आठ दिवस घोकून घेतलं होतं म्हणे.

मॅडमचा आवाज मलाही ऐकू आला. पीक कसं आलं, असं त्या विचारत होत्या.

"चांगलं आलं," ते म्हणाले. "तुमी लावलं ते बी पिकलं."

आणि फोन मला परत देताना त्यांनी माझ्या नजरेला नजर दिली नाही.