तालुकाप्रमुखाची पडताळणी

फॉर्मला जोडलेला शेवटचा कागद पाहून मी कपाळावर हात मारला. कुठल्याशा ऑनलाइन सेनेचं रंगीत प्रमाणपत्र. हुद्दा, तालुकाप्रमुख.

"हे काय रे?"

"सोशल वर्क शे साहेब," समोरचा पोरगा ताठ उभा राहून म्हणाला.

पोलीस भरतीत निवड झाली की उमेदवाराच्या भागातल्या ठाण्याकडून कॅरेक्टर व्हेरिफिकेशन होतं. गुन्हा आहे का, वागणूक कशी, हे आम्ही कळवायचं. मी हवालदार, ते टेबल माझ्याकडे. पोरगा म्हसावदकडचा, तिसऱ्या प्रयत्नात लागलेला.

"तुला नेमलं कुणी?"

"ग्रुपवरच्या सरांनी. भेटलो नाही कधी. पण दोनदा भरतीत पडलो तेव्हा घरात कुणी बोलत नव्हतं. सर रोज फोन करायचे. म्हणायचे, तू सैनिक आहेस."

त्यानं अभिमानानं मोबाइलच पुढे केला. ग्रुप भरतीच्या तयारीचा. आधी जीकेचे प्रश्न, धावण्याचं टायमिंग. मग हळूहळू दुसऱ्या धर्माच्या लोकांबद्दल असलं काही, की मला वाचवेना. मग त्यांच्या दुकानांची यादी. त्याखाली याचाच व्हॉइस मेसेज, सायकलवाल्याचं दुकान उद्या फोडा म्हणून.

माझं डोकं सणकलं. त्या दुकानावरच्या दगडफेकीचा गुन्हा आमच्याकडेच दाखल होता, आरोपी अज्ञात. इथे पठ्ठ्या स्वतःच सही करून पुरावा जोडत होता!

बाहेर बसलेला बाप हात जोडून आत आला. "साहेब, तो कागद काढी टाका ना. तीन वरीस धावना पोरगा ग्राउंडवर."

"काका, काच लागून त्या सायकलवाल्याचा डोळा गेलाय."

पोरगा म्हणाला, "मी तर तिथं गेलोच नव्हतो."

मी पीआय साहेबांकडे गेलो. "साहेब, पोरगं बावळट आहे हो."

"मग बावळटाच्या हातात दंडुका द्यायचा का? लिहा."

लिहिलं. गुन्ह्यात पोराचं नाव आलं, निवड गेली. ग्रुपवरच्या त्या सरांचा नंबर बंद लागला, सिम भलत्याच कुणाच्या नावावर.

जामिनावर सुटल्यावर पोरगा पुन्हा टेबलासमोर उभा. मला वाटलं, सायकलवाल्याबद्दल काही बोलेल.

"साहेब, सरांचा पत्ता लागला का? त्यांनी एक फोन केला तर मन्ही नोकरी परत भेटी जाई."

हल्ली भरतीच्या पोरांना मी एवढंच सांगतो. जो तुम्हाला लढायला पाठवतो, त्याचं तोंड एकदा तरी बघून घ्या.