खाडीकाठची मोकळी जागा

मी मुळातच घाईची बाई. पनवेलच्या खाडीकाठी फिरायला चांगली वाट हवी म्हणून दोन वर्षं मीच सगळ्यांच्या कानाशी भुणभुण केली. नुसती झुडपं, राडारोडा आणि बाटल्या! बायकांनी पाय मोकळे करायचे कुठे? शेवटी काम मंजूर झालं. काठाला भिंत, तिच्यावर फरशी, कठडा, बाकं. "कोळ्यांच्या होड्या लावायला भिंतीत एक मोकळी जागा ठेवू. कुठे, ते तेवढं विचारून या," इंजिनिअर म्हणाला. नकाशा घेऊन मीच गेले.

काठावर एक कोळीण जाळं सोडवत बसली होती. ती म्हणाली, "भांगाला इथून चढवतो आमी होडी. पन उदानाला तिकडं, वरच्या अंगाला. तवा इथं पानी लय ओढतं."

अष्टमीच्या सुमाराची लहान भरती म्हणजे भांग, पुनवे-अवसेची मोठी म्हणजे उधाण, हे मी नंतर शिकले. तेव्हा विचारायचा कंटाळा केला. ऊन मी म्हणत होतं. समोरच्या जागेवर एकच खूण केली आणि घरी येऊन पंखा लावला.

वाट झाली. काय मिरवले मी! मग पुनव आली. भर दुपारी मी बाकावर बसले होते, तर ती कोळीण कठड्याला धरून ओरडताना दिसली. तिचा नवरा एकटाच होडीत होता. मोकळ्या जागेसमोरून पाणी नुसतं धावत होतं. दोनदा त्याने होडी आत घालायला बघितली, दोनदा ती बाहेर फेकली गेली. मग सवयीने तो वरच्या अंगाला वळला. तिथे आमची भिंत.

"नको, नको, तिथं नको!" ती किंचाळली. तो बांबूने होडी रेटत होता, पाणी तिला भिंतीवर आपटत होतं. तिसऱ्या दणक्याला फळ्या फुटल्या. भिंत आणि होडीच्या मध्ये त्याचा हात सापडला. फिरायला आलेल्या चौघांनी दोर टाकून त्याला कसाबसा वर ओढला. बोटांकडे बघवेना.

कठड्याचं काम तपासायला आलेला इंजिनिअर धावत आला. "वरच्या अंगालाही होड्या लागतात, हे कुणी सांगितलंच नव्हतं!"

"या बाईंना मी सांगितलेलं," कोळीण म्हणाली. "सांगा ना, बाई."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मला नाही आठवत," मी म्हणाले.

ती भांडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर मी सुटले असते. नवऱ्याच्या हाताला पदर गुंडाळत ती खाली बघूनच म्हणाली, "असंल. माझंच चुकलं. तुमाला लिवून घ्या म्हनायला पायजे होतं."