तीन तोंडांचं भुयार

नरहरी बोईसरच्या कारखान्यात आठवडाभर यंत्रांचे नकाशे काढायचा आणि रविवारी चिंचणीच्या घरी भुयारांचे. यंत्रं बसवायला आलेल्या एका परदेशी इंजिनियरनं त्याला हा खेळ शिकवला होता. एकानं कागदावर गुपचूप भुयार आखायचं, दुसऱ्यानं मनानं त्यात उतरायचं. एकानं दिसतं ते सांगायचं, दुसऱ्यानं आपण काय करतो ते, आणि अडलंच तर फासे टाकायचे. गावात लोक म्हणत, पस्तिशी उलटली, लग्नाचं नाव नाही आणि हा बिळं आखत बसलाय. म्हणेनात का! खेळायला त्याची थोरली बहीण होती.

जयवंतीनं त्याला आईच्या माघारी वाढवलं होतं. अकरा वर्षांपूर्वी चिकू उतरवताना ती झाडावरून पडली, कंबर गेली, आणि तेव्हापासून खिडकीजवळची खाट हेच तिचं जग झालं. भुयारात मात्र ती चालायची. डोळे मिटून म्हणायची, "वाकून जाते. भिंतीला हात लावते." तिचा हात हवेत खरंच भिंत चाचपायचा. मग खिडकीतलं ऊनसुद्धा नरहरीला तिच्या हातातल्या पणतीचा उजेड वाटे.

एका रविवारी तिनं मध्येच डोळे उघडले.

"नरू, मागं मी डावीकडून गेली, तवा चार खांबांची खोली लागली. आज मुद्दाम उजवीकडून आली. तरी तेच चार खांब, तीच पेटी?"

वाट कुठलीही घ्या, शेवटाला नरहरी तीच खोली चिकटवत असे. ताईनं चुकू नये, रिकाम्या हातानं परतू नये, एवढंच त्याला वाटायचं.

"मंग मी कुठं चालते? तूच मला उचलून नेतोस," ती म्हणाली. "खाटेवरून उचलायला घरात मानसं हायत. ने तुझा कागद."

तिनं भिंतीकडे तोंड केलं. पुढचे दोन रविवार ती खेळली नाही. आपणच तिचे पाय दुसऱ्यांदा काढून घेतले, हे नरहरीला फार लागलं. त्यानं नवे नकाशे आखले आणि फाडले. तिसऱ्या रविवारी काही सुचेना, म्हणून त्यानं सहज विचारलं, "ताई, वाडीतून खाडीवर जायला कुठली वाट बरी गं?"

"कवा जायचं त्यावर हाय," ती भिंतीकडे पाहतच म्हणाली. "बांधाची वाट जवळची, पन खारट वास आला की समजायचं भरती लागली, गुडघाभर चिखल. विहिरीकडची लांब, पन कोरडी. वाट आदी सांगते, मंग आपन पाऊल टाकायचं."

इथेच तर त्याचं घोडं पेंड खात होतं. त्याचे दरवाजे पट्टीनं आखलेले, एकसारखे. कशावरून निवडायचं, ते एकही दरवाजा सांगत नव्हता.

पुढच्या रविवारी त्यानं खाटेशी बसून सांगितलं, "भुयाराला तीन तोंडं आहेत. एकातून खारा वारा येतोय, वाळू ओली आहे. दुसऱ्यात वटवाघळांचा वास आहे. तिसरं कोरडं, पण लांबच लांब, आणि तुझ्या पणतीत तेल थोडं आहे."

जयवंती हळूहळू वळली. कितीतरी वेळ तिनं वास घेतल्यासारखा श्वास घेतला.

"खाऱ्या वाऱ्यानं जाते. भरतीच्या आदी पोचते."

ती गेली. पेटी सापडली, उघडली, आणि तिथं ती जास्तच रेंगाळली. नरहरीनं फासे टाकले. दान सांगत होतं, भरतीचं पाणी आलं. पाणी थांबलं म्हणायला त्याचं काय जात होतं? शब्द अगदी जिभेच्या टोकाशी आले होते.

"पाणी कमरेला लागलं, ताई," तो म्हणाला.

"पेटी सोडते," जयवंती धापा टाकत म्हणाली. "वर उजेड हाय का?"

"आहे. पण चढ आहे."

"चढते."

ती चढली, घसरली, पुन्हा चढली, आणि रिकाम्या हातानं समुद्रावर बाहेर पडली. कपाळ घामानं डबडबलं होतं. नरहरीनं भीत भीत विचारलं, "ताई, वाईट वाटलं का?"

तिनं पांघरुणाखालच्या पायांकडे पाहिलं आणि हसली.

"दमली रे," जयवंती म्हणाली. "लई चालली आज."

अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती दमली होती.