कारण आणा, मग मामा म्हणू

माझ्या धंद्यातल्या जोडीदाराला त्याच्या सख्ख्या दाजींनी फसवलं. बैलात नाही, जमिनीत नाही, शब्दात फसवलं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे 'दोन्ही बाजू बघा' असं मला कुणी शिकवायला नको. दोन्ही बाजू बघूनच मी शून्यातून धंदा उभा केलाय.

आम्ही दोघं हेडी, म्हणजे बैलांचे दलाल. कळंबच्या बैलबाजारात तुम्ही कधी फिरला असाल तर त्याला पाहिलं असेल. रुमालाखाली गिऱ्हाइकाची बोटं दाबून भाव सांगताना तो आभाळाकडं बघायचा, जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा आहे. गिऱ्हाइकानं "खोड काय?" विचारलं की त्याचं ठरलेलं उत्तर, "म्या सांगून पटणार हाय का? जुपून बघा." बैल मारका असला तर मात्र स्वतःच सांगून टाकायचा. "शिंग मारतंय बरं का, म्हातारीला जवळ जाऊ देऊ नका." ह्या खरेपणानं माझे कितीतरी सौदे मोडले. मी शिव्या द्यायचो, तो चहा सांगायचा.

लग्न त्यानं केलं नाही. एकदा टेम्पोत बैल चढवताना मला म्हणाला, "मला बायकांची ओढ न्हाय रं. गड्यांचीच हाय. पैल्यापासनं."

मी म्हणालो, "मग? आज बैल मी एकट्यानं चढवायचे का?"

तो एवढा मोठ्यानं हसला की बैल बुजला. ह्या विषयावर आमच्यात झालेला वाद एवढाच.

पुढं बोभाटा झाला आणि सगळा बाजार कारणं शोधायला लागला. एक म्हणाला, लहानपणी आई वेणी घालायची, त्यानं झालं. दुसरा म्हणाला, वसतिगृहात बिघडला. हा वसतिगृहाची पायरीसुद्धा चढलेला नव्हता. तिसऱ्यानं मोबाइलवर ढकललं.

"आन् मोबाइल यायच्या आदी मला कोण बिघडवायचं?" त्यानं विचारलं. "रेडिओ?"

मग त्याच्या भाचीचं लग्न ठरलं. त्याची आक्का, म्हणजे थोरली बहीण, अणदूरला दिलेली; तिचीच ही पोरगी. आमच्याकडं नवरीला मांडवात मामा आणतो. ह्या मामानं फेट्याचं कापड घेऊन ठेवलं होतं. दाजी त्याच्या घरी आले तेव्हा मी तिथंच होतो.

"मेव्हणं, हे कशानं हाय ते डाक्टरला इचारा," दाजी म्हणाले. "जन्मापासनंचं आसंल तर देवाचं देणं, तुमचा काय दोष? तुम्हीच मामा. पर मनानं लावून घेतलं आसंल तर सोडून द्या."

"शब्द?" मी विचारलं.

"शब्द," म्हणून त्यांनी माझ्या हातावर हात मारला.

तो सोलापूरला गेला. डॉक्टरबाईंनी सांगितलं, एकाच कारणावर बोट ठेवून कुणालाच सांगता येत नाही. पण माणूस हे ठरवून करत नाही. हा आजार नाही आणि औषधानं बदलायची गोष्टही नाही.

आम्ही अणदूरला जाऊन हे जसंच्या तसं सांगितलं. दाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे मनानं लावून घेतलेलं न्हाय, आतलंच हाय. मग तर लईच अवघड झालं. पोरीच्या सासरचे म्हणतील, रक्तातलंच हाय, उद्या हिच्या पोटी बी..."

आलं लक्षात? मनानं केलं तर पाप, आतून आलं तर रक्त खराब. मी आयुष्यभर घासाघीस केली आहे. गिऱ्हाईक दात विचारतं, चाल विचारतं आणि प्रत्येक उत्तराला भाव पाडत जातं, तेव्हा त्याला बैल घ्यायचाच नसतो. ज्यांना कुतूहल आहे त्यांनी कारण खुशाल शोधावं. पण ते सापडेपर्यंत माणसाला दाराबाहेर उभं करायचं, हा कुठला व्यवहार?

मी उठून ओरडायला लागलो. त्यानं माझा सदरा धरून मला खाली बसवलं आणि शांतपणे विचारलं, "दाजी, तुमाला माझी आक्का कशानं आवडली? जन्मापासनं हाय का मनानं लावून घेतलं? आदी त्याचं कारण आना."

आतून आक्का फसकन हसली. दाजी हसले नाहीत.

लग्नात चुलत मामा उभा केला. मी गेलो होतो, जेवायला नाही, बघायला. मुंडावळ्या बांधलेली पोरगी खोलीच्या दारात थांबली. चुलत मामानं हात पुढं केला, तिनं तो धरला नाही.

"माझा मामा कुठंय?" ती म्हणाली.

आक्कानं पदर तोंडाला लावला. दाजींनी वाजंत्रीवाल्यांना जोरात वाजवायची खूण केली.

माझा जोडीदार आता पुण्याकडं त्याच्या मित्राबरोबर राहतो. बाजारात येत नाही. फोनवर बैलांचं विचारतो, अणदूरचं विचारत नाही.

दाजी, शब्द तुम्ही माझ्यासमोर दिलात, म्हणून मी चारचौघांत विचारतो आहे. तुम्हाला डॉक्टरचं उत्तर मिळालं. पोरीला तुमचं उत्तर अजून मिळालेलं नाही. दिवाळीला ती माहेरी येईल, पुन्हा विचारील, आणि तेव्हा वाजंत्री नसेल. काय सांगणार आहात? बोला.