बाबांनी न ओळखलेला किनारा

"बोलत तर नाय ती. तिथं रस्ता तरी कशी विचारंल?"

बोईसर स्टेशनकडे निघालेल्या शेअर रिक्षात शेजारच्या वनिताकाकू आईला विचारत होत्या. त्यांना वाटत होतं, हळू विचारतायत. "विचारंल गो, तोंड हाय तिला," आई म्हणाली. मी नोकरीसाठी पुण्याला निघाले होते; समोरच्या सीटवर, बॅग मांडीवर घेऊन बाहेर बघत होते. बाबांनी त्या दिवशी बोट काढली नव्हती. प्लॅटफॉर्मवर ते एवढंच म्हणाले, "बोलायचं नसंल तर फोटो पाठव. मला समजतं."

शाळेत इंग्लिश बोलताना माझं मराठी मधेच यायचं, घरी बोलताना इंग्लिश. म्हणून मी दोन्हीकडे कमी बोलायचे. पुण्यातही तेच चाललं. नोकरी, दोघींबरोबरचा फ्लॅट, आणि रोज संध्याकाळी बाबांना एक फोटो. स्कूटरवर बसलेला गल्लीतला कुत्रा पाठवला, तर व्हॉइस नोट आली, "जाडा हाय. कोण घालतो खायला?" आमचं बोलणं ते एवढंच, पण एकही दिवस चुकलं नाही.

पुढे सेकंडहँड कॅमेरा घेतला आणि रविवारच्या एका ग्रुपमध्ये जायला लागले. सकाळी टेकडीवर फोटो काढायचे, मग एका हॉलमध्ये ते पडद्यावर लावून एकमेकांना सांगायचं. क्षितिज वाकडं आहे. ऊन चढायच्या आत ये. पायाजवळचं काहीतरी फ्रेममध्ये घे, म्हणजे अंतर कळतं. हे सगळं मला खरंच उपयोगी पडलं.

दिवाळीत गावी, घिवलीला गेले तेव्हा पहाटे किनाऱ्यावर आमच्या वाळवणाचा फोटो काढला. बांबूंवर ओळीने टांगलेले बोंबील, त्यामागे सुरूची झाडं, आणि झाडांच्या वर अणुवीज केंद्राची उंच चिमणी.

"लाइट काय मिळालाय!" पुण्यात परतल्यावर हॉलमधल्या पडद्यावर तो बघून ग्रुप चालवणाऱ्या अनघाताई म्हणाल्या. "फक्त ती चिमणी घालव. नजर तिथेच अडकते."

"हो ना, मासेमारीचं गाव वाटायला हवं," मागून कोणीतरी म्हणालं.

ताईंनीच माउस हातात घेतला आणि चिमणी गेली. आकाश मोकळं झालं. मलाही फोटो आवडला. ग्रुपच्या प्रदर्शनासाठी तो निवडला गेला.

त्या संध्याकाळी तोच बाबांना पाठवला. उत्तर आलं, "बोंबील चांगले सुकलेत. कुठला गाव हा? डहाणूकडचा काय?"

मी ती नोट पुन्हा ऐकली. ते बांबू बाबांनीच रोवलेले. बोंबील आईने टांगलेले. मी सहसा फोन करत नाही, त्या दिवशी केला.

"बाबा, आपलीच घिवली आहे."

"अगो, मग चिमणी कुठं गेली?" ते हसायला लागले. "समुद्रातून येताना आदी ती दिसते, मग गाव. ती नाय तर मी वळखू कसा?"

शाळेत 'माझे गाव' हे चित्र काढायला सांगायचे तेव्हा मी नारळ काढायचे, बोटी काढायचे, सूर्यही काढायचे. चिमणी कधीच नाही. ती नसती तर गाव सुंदर दिसलं असतं, असं तेव्हा वाटायचं. आता पुण्यात घराची आठवण येते तेव्हा सूर्य आठवत नाही. सुरूच्या वर आलेली ती उभी रेघ आठवते. गाव सोडून बाहेर पडलेल्या तुम्हा सगळ्यांचीही अशी काहीतरी रेघ असेलच, आणि ती फोटोत बहुतेक चांगली दिसत नसेल. बाबांशी बोलायला माझ्याकडे फोटोच होते, आणि त्यातल्या एकातून मी त्यांचं गावच काढून टाकलं होतं.

पुढच्या रविवारी प्रिंट काढायला द्यायचे होते. पडद्यावर मोकळ्या आकाशाचा फोटो होता. "हाच फायनल ना?" ताईंनी विचारलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. रिक्षातल्या वनिताकाकू आठवल्या.

"नाही ताई," मी म्हणाले. "चिमणीवाला लावा. नाहीतर माझ्या बाबांना घर सापडत नाही."